आजीचे हात

आज दुपारी आजीकडे गेले होते. मला बघून हसली आणि म्हणाली, "बस हं बाळ, तू कोणाची गं?" पोटात तुटलंच, या प्रश्नाची सवय होत नाही. मग मामीने समोर कापसाचा डबा ठेवला आणि आजीने कापूस हातात घेऊन बोटांनी मोकळा केला, चिमटीत धरला, दुधाचं बोट लावून टोक वळलं, एकामागून एक फुलवाती, सगळ्या एकसारख्या, आणि वर मला दटावलं पण, "एवढी जाड नको गं, तूप फार पिते."

येताना बसमध्ये हेन्री मोलेसन हा अमेरिकन पेशंट डोक्यात होता. १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागतो त्या भागाचा, बराचसा तुकडा काढला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता, त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, हे आपण आधी केलंय हे त्याला आठवायचं नाही पण हात मात्र दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. नावं-प्रसंग एकीकडे आणि हाताची सवय भलतीकडेच, लहान मेंदू आणि मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियात. आजीचा हा विसरण्याचा आजार, अल्झायमर, हिप्पोकॅम्पसला लवकर पोखरतो, हात बराच काळ शाबूत राहतात. म्हणून प्लीज, "वाती बऱ्या जमतात, माणसं विसरते, मुद्दाम करते" असं म्हणू नका हो, खूप लागतं.

निघताना तिने मूठभर फुलवाती कागदात बांधून दिल्या, "तुझ्या आईला दे हो." माझी आई तिचीच लेक.