फजरनंतरचा कोड

३ मार्च २०२५, सोमवार

काल पहिला रोजा झाला. अब्बा दुबईत आहेत, त्यांचा परवाच, १ तारखेला सुरू झाला. कोकणातल्या आमच्यासारख्या घरांना याची सवय आहे. घरातलं एक माणूस आखातात असलं की रमजानचा चंद्र दोनदा उगवतो.

हॉस्टेलच्या मेसमध्ये सहेरीची, म्हणजे रोजा सुरू होण्याआधी पहाटे खाण्याची, सोय नाही. रात्रीच्या जेवणातल्या पोळ्या डब्यात काढून ठेवते, सोबत दूध, केळं, खजूर. चहा मी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच कमी करत आणला होता. एकदम सोडला तर पहिले दोन-तीन दिवस दुपारी डोकं असं ठणकतं की स्क्रीनकडे बघवत नाही, आणि लोकांना वाटतं भुकेने होतंय. भुकेचं काही नसतं. चहा आणि झोप, खरा हिशोब या दोन गोष्टींचा.

पुण्यात आत्ता पहाटे ५:४० च्या आसपास सहेरी संपते आणि संध्याकाळी ६:४१ ला सूर्य मावळतो. फजर, म्हणजे पहाटेची नमाज, झाली की बहुतेक मुली पुन्हा झोपतात. मी झोपत नाही. पोट भरलेलं, घसा ओला, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. आज त्या वेळात बायनरी सर्च ट्रीमधून (आकडे क्रमाने फांद्यांवर ठेवायची रचना) नोड, म्हणजे एक आकडा, काढून टाकण्याचं फंक्शन वहीवर सोडवलं. ज्या नोडला दोन्ही बाजूंना मुलं आहेत त्याच्या जागी उजव्या फांदीतला सगळ्यात लहान आकडा आणून बसवायचा, हे वर्गात तीनदा ऐकलं होतं. आज कागदावर बाण काढत, रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या) एकेका पायरीला आत जात आणि बाहेर येत पाहिलं, तेव्हा ते माझं झालं.

११ मार्च, मंगळवार

दिवसाची मांडणी आता बसली आहे. डोक्याचं काम पहाटे, हाताचं काम दुपारी. प्रॅक्टिकलची जर्नल लिहिणं, जुन्या प्रोग्रॅमना कॉमेंट टाकणं, आउटपुटच्या प्रिंट काढणं हे सगळं तीननंतर. त्या वेळी जिभेला कोरड पडलेली असते आणि नवीन काही डोक्यात शिरत नाही. जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर, अर्धा तास आडवी होते. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जास्तीची नमाज, संपायला रात्रीचे साडेदहा होतात, मग सलग झोप मिळते ती पाच-सव्वापाच तासांची. म्हणून तो अर्धा तास मी कोणालाच देत नाही.

डेटा स्ट्रक्चर्सच्या मॅडमनी आज आपणहून विचारलं, "तुझी बॅच सकाळची करून देऊ का?" मी हो म्हटलं. काही मैत्रिणींना वाटतं की सवलत मागितली तर रोजाचं मोल कमी होतं. मला हे पटत नाही. रोजा मी धरलाय तो अल्लाहसाठी. कॉलेजला माझी सहनशक्ती दाखवून काय करायचंय? शिकणं नीट व्हावं म्हणून वेळ बदलून मिळत असेल तर जरूर घ्यावी.

संध्याकाळी रोजा सोडताना अम्मीला फोन लावते. आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठाला, पुण्याच्या पश्चिमेला. माझ्या तोंडात खजूर असतो तेव्हा तिचा अजून हातातच असतो. अब्बांचा रोजा सुटायला आणखी सव्वा तास. अम्मी म्हणते, "तुझं झालं की मला कळतं, आता तीन मिनिटं राहिली."

ही तीन मिनिटं मला स्वतः मोजून काढायची आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड आणि जुम्मा एकाच दिवशी. रूमपार्टनर लातूरची, सकाळपासून रंगात. दुपारी दमून आली, समोर पाण्याची बाटली, पण माझ्याकडे बघून ती घेऊन बाहेर जायला लागली. तिला हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, "अगं, इथेच पी." माझ्यासमोर कुणी खाल्लं-प्यालं तर मला त्रास होत नाही, लपून पिताना बघितलं तर मात्र होतो. पुरणपोळी तिने माझ्यासाठी डब्यात ठेवली होती. इफ्तारला खजुराच्या पाठोपाठ तीच.

२२ मार्च, शनिवार

मधले काही दिवस रोजे नव्हते, बायकांना असतात तसे. ते नंतर कजा म्हणून धरायचे. तेवढ्या दिवसांत नमाजांच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहून घेतला. कॉलेजला दाखवायचा नव्हता, त्यामुळे जास्तच मन लावून लिहिला.

आत भूमिती आहे, दुसरं काही नाही. गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे, तारीख द्यायची. तारखेवरून सूर्य विषुववृत्ताच्या किती वर किंवा खाली आहे ते काढायचं. मग फजर म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना, आपल्याकडच्या पुष्कळ वेळापत्रकांत धरतात तसं. मगरिबची नमाज सूर्यास्ताला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणं जवळपास ७३.८६ वर, म्हणून पुण्याची खरी दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. मार्चच्या सुरुवातीला ती १२:४७ ला होते. एका रेखांशाला चार मिनिटं. दाभोळ पुण्याच्या पश्चिमेला पाऊण अंशाहून थोडं कमी. अम्मीची तीन मिनिटं मिळाली!

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसली. महिनाभरात सहेरीची वेळ तेवीसेक मिनिटांनी अलीकडे येते, पण इफ्तार जेमतेम सात मिनिटांनी लांबतो. म्हणजे रोजा वाढतो तो बहुतेक पहाटेच्या बाजूने. शेवटच्या आठवड्यात झोप का पुरत नाही, ते कळलं.

सगळ्यात रमले मी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, फंक्शनमध्ये. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी नियमांच्या परंपरांपैकी (मजहबांपैकी) एक पाळणारे. आमची असर सुरू होते ती वस्तूची सावली भर दुपारच्या सावलीपेक्षा वस्तूच्या उंचीइतकी वाढली की. हनफी या दुसऱ्या मजहबच्या लोकांची दुप्पट उंचीइतकी वाढली की. पुण्यात बहुतेक मशिदी हनफी, त्यामुळे इथली अजान पाचनंतर. गावी मात्र दादी चारच्या पुढेमागे मुसल्ल्यावर. लहानपणापासून हे दोन्ही पाहिलं होतं, कोडमध्ये त्याचा फरक एवढाच: एका ठिकाणी १ लिहायचा की २. आज पुण्यासाठी १ लिहिल्यावर ४:०५ आले, २ लिहिल्यावर ५:०४. शेकडो वर्षं दोन मजहब शेजारी शेजारी नांदतायत. कोडमध्येही दोघांना जागा हवी, म्हणून तो आकडा मी पक्का लिहिला नाही. वापरणाऱ्याने निवडायचा.

मग फूटपट्टी घेऊन गच्चीवर गेले. ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरली, रूमपार्टनर दुसऱ्या पट्टीने सावली मोजायला. दुपारी पावणेएकला सावली १० सेंटिमीटरच्या आत-बाहेर. चारला पुन्हा वर. ३८, मग ३९, आणि चार वाजून पाच मिनिटांना ४० च्या खुणेवर. ती ओरडलीच. फरशीवर जिथे सावली टेकली तिथे तिने खडूने रेघ मारली आणि मी तिथेच असर पढले. घसा कोरडा होता, ऊन तळपत होतं, तरी या रमजानमधली ही माझी सगळ्यात आवडती नमाज.

छापील वेळापत्रकात मगरिब माझ्या आकड्यापेक्षा दोन-तीन मिनिटं पुढे असते, सावधगिरी म्हणून. मी तीही मिनिटं घातली. भुकेच्या वेळी घाई होऊ नये हा त्यातला विचार मला आवडतो.

३० मार्च, रविवार, गावी

काल रात्रीच्या एसटीने आले. वाटेत सकाळी दारोदार गुढ्या दिसल्या. संध्याकाळी मगरिबच्या आधी सगळे खाडीवर चंद्र बघायला. मी प्रोग्रॅम सोबत नेला होता, त्यात चंद्राचं वयही येतं: अमावास्या काल दुपारी ४:२८ ला संपली, म्हणजे सूर्य मावळताना चंद्र सव्वीस तासांचा. दिसायला हरकत नव्हती, आणि दिसला. उद्या ईद.

पाडवा आणि ईद लागोपाठ येण्याचं कारण एकच, ती कालची अमावास्या. चैत्र आणि रमजाननंतरचा शव्वाल महिना एकाच चंद्रावर सुरू झाले. पण आपल्या पंचांगात अधिक महिना आहे, हिजरीत नाही. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येईल आणि त्यानंतर ही जोडी महिनाभर लांब जाईल. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकत राहतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होईल. हे मी दादीला सांगितलं तर ती म्हणाली, "तेव्हा दिवस लहान, रोजे हलके." तिला त्यासाठी गणित करावं लागलं नाही.

वेळा आपल्याही मोबाइलवर हव्यात, असं तिचं म्हणणं आहे. अक्षरं मोठी आणि मराठीत, असरला १, आणि मगरिबच्या आधी तीन मिनिटं घंटी. एप्रिलमध्ये परीक्षा आहे, पण शीरखुर्मा आणि पाहुणे आटपले की उद्या दुपारी हे काम आधी.