तुम्ही विचारलंत म्हणून: गोगलगायीचं औषध

"गोगलगायीच्या मेंदूवर डॉक्टरेट केलीत ना, मग त्या मारायचं औषध का नाही काढलंत?" सोयाबीनची पेरणी झाली की हा प्रश्न येतोच. लग्नात आलाय, एसटीत आलाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलाय.

मी काम केलं ते इंग्लंडात, तळ्यातल्या लिम्निया स्टॅग्नॅलिसवर. तुमच्या शेतातली शंखी गोगलगाय वेगळी, ती अचॅटिना फुलिका. खरं सांगायचं तर या वाक्याआड मी बरीच वर्षं लपले आहे.

लिम्नियाच्या ओठांना साखरेचं पाणी लागलं की ती तोंड उघडून खरवडायला लागते. ओठांकडून मेंदूला जाणाऱ्या निरोपात नायट्रिक ऑक्साइड असतं. हा वायू साठवून ठेवता येत नाही. एक एन्झाइम तो लागेल तेव्हा आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं, आणि फोडणीचा ठसका शेजारच्या घरात जावा तसा तो आजूबाजूच्या पेशींत शिरतो. ते एन्झाइम अडवलं तर साखर समोर असूनही गोगलगायीचं खाणं मंदावतं, हे 1995 सालीच दाखवलं गेलं होतं.

2022च्या जुलैत मी मामाकडे होते, औसा तालुक्यात. लातूर-बीड-उस्मानाबादकडे त्या वर्षी गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मामाची दुबार पेरणीही दोन पानांवर असतानाच कुरतडली जात होती. अंधार पडला की सगळे बॅटऱ्या घेऊन शेतात. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बादलीवर फेस चढत होता. मामानं बांधाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाकली होती आणि त्यांच्यावर गोगलगायींचे थर बसले होते.

मला राहवलं नाही. "मामा, हेच तर मी शिकले! तिथं साखर होती, इथं गूळ," म्हणत मी त्याला ओठ, वायू, एन्झाइम सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी ह्यांचं तोंड कसं बंद करायचं ते तुला ठाव हाय."

"आहे, पण..."

"मग कर की."

मी समजावायला लागले. तेच एन्झाइम माणसाच्या रक्तवाहिन्यांत असतं, ते अडवलं तर रक्तदाब चढतो. मधमाशीतही ते असतं. शिवाय प्रयोगशाळेत आम्ही एकेका गोगलगायीला सुई टोचतो.

"किती माणसं लागतील टोचायला?"

तो थट्टा करत नव्हता. रान बघून हिशोब मांडत होता. मामी म्हणाली, "गप बसा ओ, लेकराला काय इचारता." मामा बादली उचलून पिकाच्या पुढच्या ओळीत गेला आणि त्या रात्री माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं. पण मी त्याला 2002चं काम सांगितलं नाही. लिम्नियाच्या त्या एन्झाइमच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) टोचून तेवढंच जनुक गप्प केलं होतं, आणि खाणं कमी झालं होतं. आरएनएचा तुकडा नीट निवडला तर मधमाशी वाचेल, मामाही वाचेल. म्हणजे 'होणारच नाही' असं मला म्हणता येत नाही. पण तिथंही सुईच होती. पानावर फवारलेला आरएनए पावसात टिकून, वेगळ्याच गोगलगायीच्या पोटातून तिच्या मेंदूपर्यंत पोचवणं हा निराळाच डोंगर आहे. तो चढायला मी का गेले नाही? पंचविशीतली मी म्हणायची, ज्ञानाला उपयोगाचा दाखला लागत नाही. मला ते आजही पटतं. जुलैत जरा कमी पटतं.

आणि जे औषध मामा शेवटी टाकतो त्या मेटाल्डिहाइडची गंमत ऐका. ते 1930च्या दशकात योगायोगानं सापडलं, चुली पेटवायच्या घन इंधनाच्या वड्यांमुळे. गोगलगायीच्या मेंदूकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता मी एक विचारू? याच वायूवर उंदरांत काम करणारे कितीतरी लोक आहेत. त्यांना तुम्ही कधी विचारलंत का, उंदीर मारायचं औषध काढलंत का म्हणून?