पाच जणांनी वाजवलेलं अडखळणं

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलेय.

आज तालमीला जायलाच नको होतं. छोटीला झोपवताना मी केलेली ती चाल दादाने ग्रुपच्या पाच जणांसाठी बांधली. त्याने मला आधी विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. तक्रारीला जागाच नाही. तरी व्हायोलिनं, बासरी, क्लॅरिनेट आणि चेलो एकदम सुरू झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. ती वाजवताना दुसऱ्या ओळीत माझा डावा हात किंचित मागे पडतो, माझी करंगळी तिथवर पटकन पोचत नाही म्हणून. तो उशीर दादाने जसाच्या तसा उतरवून घेतला होता. पाचही जण तिथे एकत्र मागे पडले आणि जवळजवळ एकत्रच पुढे निघाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रिक्षात बसल्यावर मात्र डोळे भरून आले.

कुणी माझं काही घेतलेलं नाही, हे कळतं. पण ते अडखळणं माझ्या हाताचं होतं. आईला हे सांगता आलं असतं. असो.

घरी आल्यावर हेडफोन लावून अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक ऐकत बसले. 'लिटिल रूटी टूटी', १९५२ च्या ऑक्टोबरातलं रेकॉर्डिंग. पियानोवर मंक, बासवर गॅरी मॅप, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. तिघंच. न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायचा त्याचा परवाना आदल्या वर्षीच गेला होता, आणि पुढची काही वर्षं तो मिळणार नव्हता. त्या दिवसांत हा माणूस मुलाच्या लाडक्या नावावरून आगगाडीची चाल करतो. मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. एक ओळ वाजते, मग उजव्या हाताने तीनदा शिट्टी: कचकचीत, एकमेकांना चिकटलेले सूर, पियानो बेसूर आहे की काय असं वाटायला लावणारे. मग त्याचा सोलो. बोटं चुकीच्या पट्टीवर पडल्यासारखी पडतात आणि पडल्यावर कळतं की हीच पट्टी हवी होती. तिघंच असल्यामुळे प्रत्येक सुराभोवती मोकळी जागा आहे. तो थांबला की थांबलेला ऐकू येतो. मला मंक असाच हवा असतो.

त्यानंतर त्याची न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधली मैफल लावली. २८ फेब्रुवारी १९५९. हे मी मुद्दाम केलं, दुखऱ्या दातावर जीभ फिरवतात तसं. त्या रात्री मंक आधी चौघांत वाजवतो आणि मग त्याच मंचावर दहा जणांत. हॉल ओव्हर्टन नावाच्या संगीतकाराने मांडणी केलेली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा आणि तीन सॅक्सोफोन. 'रूटी टूटी'च्या शेवटाकडे ते सातही जण १९५२ चा तो सोलो वाजवतात, सूर न् सूर. सहा-सात वर्षांपूर्वी एका माणसाच्या बोटांनी त्या क्षणी जे केलं, ते सात जणांच्या फुंकरीतून येतं. ट्यूबासुद्धा त्या वाकड्या उड्या मारतो.

पूर्वी हे ऐकताना मला वाटायचं, काय कमाल आहे. आज वाटलं, त्याला कसं वाटलं असेल? स्वतःचा हात समोरच्या सात जणांच्या तोंडी ऐकताना?

मोठ्या ताफ्यातला सगळाच मंक मला आवडतो असं नाही. १९६८ साली ऑलिव्हर नेल्सनच्या बँडबरोबर त्याने एक रेकॉर्ड केली. तिच्यात तो स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखा बसलाय असं मला वाटतं. सगळं गुळगुळीत, त्याची मोकळी जागा कुणीतरी भरून टाकलेली. आज मला त्याच रेकॉर्डची भीती वाटत होती. दादाने माझ्या चालीचं असं काही केलं असतं तर?

पण दादाने तसं केलं नाही. ओव्हर्टननेही नव्हतं केलं. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अॅव्हेन्यूवर, फुलांच्या घाऊक बाजारातल्या त्या जुन्या इमारतीत ओव्हर्टनच्या खोलीत दोन पियानो होते. मंक आणि तो तिथे बसून एकेक सूर पारखून घ्यायचे. त्याच इमारतीत छायाचित्रकार युजीन स्मिथ राहायचा. त्याने जागोजागी मायक्रोफोन लावून ठेवले होते, म्हणून त्या तालमी टेपवर राहिल्या. एका टेपवर मंकच्या बुटांचा आवाज येतो. लाकडी फळ्यांवर टाचा आपटत तो नाचतोय, 'रूटी टूटी'ची लय पायांनी दाखवतोय.

हे मला आधीपासून माहीत होतं. आज पहिल्यांदा त्या बुटांनी मला थांबवलं. त्याचं अडखळणं दुसऱ्यांच्या हाती जात होतं आणि तो उठून नाचत होता! मी मात्र टाळ्या वाजवल्या आणि रिक्षात रडले.

छोटी मधेच उठली, पाणी मागितलं. तिला थोपटताना तीच चाल गुणगुणले. दुसऱ्या ओळीत मागे पडायला हवं होतं, पण गळ्याला करंगळीची अडचण नसते, मी सरळ पुढे गेले. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आई, चुकलं. परत म्हण."

परत म्हटलं. तिथे थांबून.

दादाने दिलेला कागद अजून पर्समध्ये तसाच होता, घडी घातलेला. आत्ता उघडून पाहिला. त्या जागी त्याने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथे घाई नको, ती पोचेपर्यंत थांबा.' पाचही जणांच्या ओळींवर. पाच वेळा.

दीड वाजला. गुरुवारी पुन्हा तालीम आहे. चेलोवाल्या मुलाला तिथे थोडं जास्त थांबायला सांगायचंय. आज तो इतरांच्या आधी निघाला होता.