काकांचे पूर्वज आणि विंडोज ११

जुन्या मशीनचा डेटा नव्यावर टाकणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. डिस्क जोडायची, कॉपीला लावायची, चहा प्यायचा. सांगलीच्या एका काकांकडे मात्र अख्खा दिवस गेला.

मशीन पेंटियम ४, विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. काका थांबले नाहीत. घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी त्यावरच टाइप केलेला. आता ते चालू व्हायला कुरकुर करू लागलं, म्हणून सुनेने विंडोज ११ चा लॅपटॉप आणला.

जुन्या मशीनमधली आयडीई (जुन्या जोडणीची) हार्ड डिस्क यूएसबी कन्व्हर्टरला लावून फायली आणल्या. काकांनी पहिली उघडली, तर इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं.

"अरे, माझे पूर्वज कुठे गेले?"

पूर्वज जागेवरच होते. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. जुना फॉन्ट नव्या मशीनवर टाकला आणि मजकूर दिसू लागला. मी बॅग आवरली. तेवढ्यात काकांनी एक परिच्छेद पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिकडून विचारणा, "काका, हे काय?"

पुतण्याकडे तो फॉन्ट कुठला! म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा सर्वमान्य पद्धतीत, आणणं आलं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडला ती व्यंजनानंतर लागते. रफाराचं उलट. मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर प्रोग्रॅम हे बरंचसं सांभाळतो, पण रफारावर मात्रा किंवा अनुस्वार चढला की गडबडतो. कुलवृत्तांतात कर्वे, बर्वे, 'सर्वांचे' पानोपानी! शिवाय परदेशातल्या मंडळींचे इंग्रजी पत्तेही त्याने मराठी समजून बदलले. न्यू जर्सीचं काय झालं ते वाचतासुद्धा येईना. काका छापील प्रत घेऊन वाचत बसले, मी दुरुस्त करत गेलो. मधे सुनेने पोहे दिले.

मग टायपिंग. विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्टचा (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी), काकांची बोटं मराठी टाइपरायटरवर मुरलेली. "या वयात नवीन बाराखडी शिकणार नाही," म्हणाले. मलाही ते पटलं. टाइपरायटरच्या मांडणीचा युनिकोड कीबोर्ड टाकून दिला.

वंशवृक्ष पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते. त्यांच्या जुन्या मशीनवरच पीडीएफ केल्या. पण काकांना त्यांत अजून नातवंडं भरायची होती. म्हणून जुनं मशीन ठेवायचंच ठरलं. सपोर्ट नसलेलं एक्सपी नेटवर धोक्याचं, म्हणून त्याची नेटची वायर काढली, मदरबोर्डवरचा सेल बदलला. नवी आवृत्ती छापून होईपर्यंत ते हलवायचं नाही, असं सुनेला त्यांनी माझ्यासमोरच बजावलं.