व्हिक्टोरियन कॉर्सेट शिवलं, त्याचा माझा अनुभव

कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारं जुन्या काळचं घट्ट अंतर्वस्त्र, शिवताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कोणी विचारलं तर मी सांगेन, हाडं, म्हणजे त्याला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, भरण्यात आणि त्या जागेवर ठेवण्यात. कापड बेतणं, टिपा मारणं त्यामानाने पटकन होतं. मी १८८० च्या दशकातल्या महागड्या सॅटिन कॉर्सेटच्या धर्तीवर स्वतःच्या मापाचं एक शिवलं. ब्लाऊज, ड्रेस बरीच वर्षं शिवतेय पण हे काम एकदमच वेगळं निघालं, म्हणून लिहितेय.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. जवळच मार्केट हारबरोला सिमिंग्टन कंपनीची कॉर्सेटची मोठी फॅक्टरी होती, त्याच बिल्डिंगमध्ये आता म्युझियम आहे आणि कंपनीची जुनी कॉर्सेट्स तिथे बघायला मिळतात. डिझाईन तिथेच मनात बसलं.

आधी मांजरपाटावर कच्चा नमुना शिवला, तो अंगावर घालून टाचण्या लावत लावत फिटिंग केलं, मग खरं कापड काढलं. आतून कूटील, म्हणजे हेरिंगबोन विणीचं घट्ट सुती कापड, कितीही खेचलं तरी पसरत नाही, आणि वरून रेशमी सॅटिन. दोन्ही थर कच्च्या टाक्यांनी जोडून एकच कापड धरून शिवायचे. आतून कंबरेवर आडवी टेप लागते, आवळताना सगळा ताण ती घेते, नाहीतर तोच ताण शिवणींवर येऊन त्या उसवतात.

समोर बस्क, म्हणजे स्टीलच्या दोन पट्ट्या, एकीला घुंड्या आणि दुसरीला त्यात अडकणाऱ्या कड्या. मी चमच्याच्या आकाराचा घेतला, खाली पोटावर रुंद आणि खोलगट होत जाणारा, १८७० च्या दशकात ही फॅशन आली. घुंड्यांसाठी भोक कात्रीने अजिबात कापायचं नाही, आरीने धागे हळूहळू बाजूला सारत जागा करायची आणि घुंडी दाबून बाहेर काढायची, धागे तुटले नाहीत की तेच घुंडीभोवती परत घट्ट बसतात. पाठीमागच्या आयलेटना, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांना पण तसंच.

आता हाडं. नाव व्हेलबोन असलं तरी ते हाड नव्हेच, व्हेलच्या तोंडातली बलीन, आपल्या नखांसारखंच केराटिन. उभी चिरून पातळ पट्ट्या निघायच्या, गरम केल्या की वळायच्या आणि गार झाल्यावर तोच बाक धरून ठेवायच्या, म्हणून उंची कॉर्सेटला हीच पाहिजे असायची. बेसुमार शिकारीने व्हेल कमी झाले तसे भाव चढत गेले. मी अर्थातच जर्मन प्लास्टिकचं सिंथेटिक व्हेलबोन वापरलं. ते साध्या कात्रीने कापता येतं पण टोकं कानशीने गोल घासावीच लागतात आणि प्रत्येक पट्टी तिच्या खोबणीपेक्षा, म्हणजे ती सरकवायला कापडात शिवलेल्या नळीपेक्षा किंचित आखूड ठेवावी लागते, नाहीतर ती काठाचं कापड फाडून बाहेर येते.

आणि फ्लॉसिंग! खोबणीच्या टोकाला रेशमी दोऱ्याने जे पंख्यासारखं भरतकाम दिसतं ना, ते नुसतं नटवणं नाही. ते टाके हाडाला दोन्ही बाजूंनी जखडतात, हाड वरखाली सरकत नाही आणि कापड घासून झिजत नाही. काळ्या सॅटिनवर पिवळा दोरा घेतला, त्या काळी ही जोडी भरपूर चालायची. कूटील, सॅटिन, शिवणीचे थर अशा सगळ्यातून सुई जाताना बोटं भरून येतात, अंगुस्तान हवंच. पण पूर्ण कॉर्सेटमध्ये मला सगळ्यात प्रिय भाग हाच.

घरी जमत नाही ती गोष्ट म्हणजे वाफेची. कॉर्सेट बनवणाऱ्या एडविन आयझॉडने १८६८ मध्ये ही पद्धत काढली, स्टार्च लावलेलं कॉर्सेट वाफेने तापवलेल्या धातूच्या धडावर चढवून आकार पक्का करायचा. मी फक्त कळ्यांवर आणि मापावर भर दिला आणि फिटिंग छान बसलं.

नाडी ओवताना कंबरेपाशी दोन मोठे फास मोकळे ठेवायचे, आवळायचं तिथूनच. आत पातळ सुती शेमीज पाहिजेच, सॅटिनचं कॉर्सेट काही धुता येत नाही. पाठीला दोन्ही काठांमध्ये थोडी फट राहते, मापं घेतानाच ती धरायची.

आता सिमिंग्टनचंच १८९० च्या सुमाराचं ‘प्रिटी हाउसमेड’ करायचंय, कामकरी बायकांसाठीचं स्वस्त कॉर्सेट. त्यात कडकपणा मुख्यतः दोऱ्या भरून आणलेला आहे. दोऱ्या कापायला घेतल्यात.