बाबांची मेल सापडली
काल कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि आजचा अख्खा दिवस आउटलुकची जुनी मेल परत आणण्यात गेला. माझं खातं पॉप पद्धतीचं. मेल उतरवून घेतली की सर्व्हरवरून काढून टाकायची, असंच सेटिंग पहिल्यापासून. म्हणजे जे काही आहे ते एका पीएसटी फाइलमध्ये, आउटलुक आपल्या कॉम्प्युटरवर मेल साठवतं त्या फाइलमध्ये. बाबांची पत्रंसुद्धा त्यातच, म्हणून जीव टांगणीला लागला होता.

फाइल आधी डीव्हीडीवर घेऊन ठेवली होती. ती कॉपी केली, पण आउटलुक उघडेचना. तासभर वाटत राहिलं, गेली फाइल. मग लक्षात आलं, डिस्कवरून आलेल्या फाइलवर ‘रीड ओन्ली’ची खूण राहिलीय, आणि आउटलुकला तर त्या फाइलमध्ये लिहावंही लागतं. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक काढली आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे समोर!

(आउटलुकची दुसऱ्या प्रकारची फाइल म्हणजे ओएसटी, तिचं वेगळं बरं का. ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, खातं जोडलं की नव्याने तयार होते.)

बाबांची २००९ची पहिली मेल उघडली. दोनच ओळी, देवनागरीत. एकेक अक्षर शोधत टाइप केलेल्या. रात्री फाइलच्या आणखी दोन प्रती काढल्या, दोन वेगळ्या ड्राइव्हवर.