शिळं पाणी

काल दुपारी मिक्सरचं भांडं परत द्यायला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले होते. उन्हाने घसा कोरडा पडलेला, आणि काकूंनी नेहमीप्रमाणे ग्लास पुढे केला. अर्धा. आता सवय झालीये मला, पण तीन वर्षांपूर्वी त्या नवीन राहायला आल्या तेव्हा पहिल्यांदा तो अर्धा ग्लास हातात पडला होता ना, तेव्हा घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं होतं, चहाचं समजू शकते रे, पण पाण्यात कसला कंजूषपणा? नवरा म्हणाला, अजून मागायचं की. मागेन कशाला, अपमान झाला होता माझा.

त्यात मी कोकणातली. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पागोळ्यांखाली बादली ठेवली की दोन मिनिटात भरून वाहायला लागते. आजी रोज सकाळी उठली की पहिलं काम म्हणजे हंडा-कळशी मागच्या दारी अळवात उपडी करायची, रात्रीचं पाणी म्हणजे शिळं, ते ना देवाला ना माणसाला. मग चिंचेने घासून लख्ख केलेला हंडा आणि त्यात रहाटाने काढलेलं ताजं पाणी. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की मात्र आजीचं शिळं पाणी आपोआप ताजं व्हायचं, त्यावर घरात कुणी काही बोलायचं नाही. ही मे महिन्याची गोष्ट मी सोयीस्कर विसरले बहुतेक, कारण पुण्यात पंचवीस वर्षं काढून अजूनही सकाळी नळ आला की कालचं पिंप सिंकमध्ये ओतल्याशिवाय मला चैन पडत नाही. कालचं पाणी प्यायलं तर काय होतं असं मुलगी विचारते तेव्हा खरं सांगायचं तर काहीच उत्तर नसतं, चव लागते वेगळी, एवढंच.

तर काकू. त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा आत गेले तर पातेली, तपेली, बरण्या, थर्मास, इडलीपात्रसुद्धा पाण्याने भरलेलं, वर झाकणं. मला हसूच आलं. म्हटलं काकू, अहो इथे रोज पाणी येतं! त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "येतंय की. तिकडं बी येतच होतं."

तिकडं म्हणजे लातूर. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं होतं ते लातूर. पहिल्या गाडीला 10 वॅगन, 5 लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. आम्ही हे सगळं टीव्हीवर बघितलेलं, ती गाडी स्टेशनात शिरताना माझ्या डोळ्यात पाणी वगैरे पण आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप सिंकमध्ये, नेहमीसारखं. काकू त्या वर्षी सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला गेल्या नाहीत, टँकरला नंबर लावलेला होता म्हणून. भाची अजून नीट बोलत नाही म्हणे. अर्धा ग्लास यासाठी, की उष्टं पाणी टाकावं लागतं. अजून पाहिजे तर अजून देतात की त्या, दहा वेळा देतात, मीच कधी मागितलं नव्हतं.

गंमत म्हणजे काकूंच्या समोरच्या दारात एक आजोबा राहतात, त्यांचं पाण्याशी वेगळंच. गुडघे पार गेलेत, लिफ्ट नाही, तळमजल्यावरचा फ्लॅट मध्यंतरी विकायला निघाला होता तर सोसायटीने सगळ्यात आधी त्यांना विचारलं. नाही म्हणाले. मी मनात त्यांना हेकट म्हणून मोकळी झाले. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा हे शाळकरी पोर होते आणि नदीकाठच्या वाड्यात खालच्या खोलीत राहत होते, हे मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं हे ते जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतात, चेहरा उतरलेला असतो. आणि समोरून काकू पिशवी घेऊन येतात, खुशीत म्हणतात, "धरण भरलं म्हणा की, लई बरं झालं!" मग दोघं एकमेकांकडे असे बघतात की जणू समोरच्याचं डोकं फिरलंय. मी मधल्या पायरीवर, कुणाला हो म्हणू.

एवढं सगळं कळून मी सुधारले असं काही नाही. खालच्या मजल्यावरचे लोक भर दुपारी पडदे लावून दिवे लावतात, त्यांच्याबद्दल माझं मत अजून वाईटच आहे. असेल काहीतरी कारण, असं हल्ली मनात येतं, पण मत बनून झाल्यावर येतं.

पाण्याचा मात्र प्रॉब्लेम झालाय. शिळं पाणी पिववत नाही आणि आता सिंकमध्ये ओतवतही नाही, काकूंचा चेहरा समोर येतो. म्हणून रोज सकाळी पिंपातलं सगळं बाल्कनीतल्या तुळशीला. परवा काकू आल्या होत्या, तुळशीची पिवळी पानं बघितली, मातीत बोट खुपसलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की बस.

"एवढं पाणी घालतेत का कुणी? कुजली की मुळं. घरात पाणी जास्त झालंय का तुमच्या?"